पेटीतली मेहुणी

सोमतीच्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात चिंचोके होते. नवरा पेटीशी बोलताना एकदा हसला की डब्यात एक चिंचोका पडे. गालातल्या गालात हसला तर अर्धा चिंचोका टाकायची सोय नव्हती, म्हणून तशी दोन हसू जमली की ती एक टाकी. पोळ्यापासून माघापर्यंत दोनशे बारा झाले. तेवढ्याच काळात नवरा तिच्याशी बोलताना किती वेळा हसला, त्यासाठी मात्र दुसरा डबा लागला नव्हता. ते चिंचोके पदराच्या गाठीत मावत होते. तीन. त्यातल्या एकाबद्दल तिला शंकाच होती. तो ठसकाही असू शकला असता.

धारणीच्या पलीकडे, सातपुड्याच्या एका घडीत कुंडीखेडा नावाचं गाव. गावातली माणसं कोंढारी जमातीची, पण कोंढारी भाषा घडाघडा बोलणारी आता चारच उरली होती. त्यातला एक ठार बहिरा. एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली. दुसऱ्या म्हातारीला भाषा सगळी यायची, पण तोंडातून फक्त शिव्या निघायच्या. चौथा मन्साराम, सोमतीचा नवरा, वय एकाहत्तर, निवृत्त वनरक्षक, मिशी अजून नोकरीवर असल्यासारखी ताठ. तेव्हा नागपूरच्या बोलीजतन न्यासाची पेटी कुणाच्या घरी यायची, याला फार चर्चा लागली नाही.

पेटी घेऊन आली ती शलाका तामगाडगे. न्यासाची कार्यकर्ती, तिशीची, सगळं वहीत टिपणारी. पेटी दिसायला पानाच्या डब्याएवढी. ओसरीवर बसून शलाकानं समजावून सांगितलं, ते असं.

आधीची यंत्रं ढिगाऱ्यावर बसून भाषा शिकायची. कोट्यवधी पानं खायची, मग बोलायची. कोंढारीचं तर एक पान नव्हतं, कारण ती कुणी लिहिलीच नव्हती. न्यासानं पूर्वी शब्दांच्या याद्या केल्या होत्या, पण यादी म्हणजे मोडलेल्या घराच्या वाशांची मोळी. तिच्यात राहता येत नाही. ही नवी पेटी पाळण्यातल्या पोरासारखी शिके. माणूस पुढे काय बोलेल याचा ती प्रत्येक क्षणाला मनाशी अंदाज बांधे. अंदाज बरोबर आला तर तिला काही मिळत नसे. चुकला की तिला धक्का बसे, आणि जिथं धक्का बसला तिथंच ती प्रश्न विचारी. धक्का हेच तिचं अन्न. अट एकच होती. माणूस रंगून बोलला पाहिजे. रंगून बोललेल्या हजार तासांत भाषा पदरात पडते; कंटाळून बोललेल्या दहा हजार तासांतही पडत नाही.

"बोला आजोबा," शलाका म्हणाली.

मन्सारामनं तोंड उघडलं आणि मिटलं. "पण ही माही कोन लागते?"

"म्हणजे?"

"नातं ठरल्याबिगर बोलाचं कसं?"

कोंढारींची रीतच ती. नातं ठरल्याशिवाय ते परक्याकडे पाणीसुद्धा मागत नाहीत. एसटीचा नवा कंडक्टर आला तर आधी त्याला मामा करतात, मग तिकीट काढतात. आणि नातं म्हणजे नुसती हाक नव्हे. विहिणीशी बोलायचं ते फक्त पीक आणि पाणी. आत्याबाईचं फक्त ऐकायचं. सुनेशी बोलायचंच नाही, भिंतीला सांगायचं, ते सुनेनं ऐकायचं.

शलाकानं नागपूरला फोन लावला. तिकडच्या लोकांना ही म्हाताऱ्याची गोड हौस वाटली. त्यांनी पेटीच्या नोंदीत 'नातं' असा एक रकाना वाढवून दिला.

मन्सारामनं मिशीवरून बोट फिरवलं. ज्या बाईमाणसाशी वाट्टेल ते बोलता येतं, थट्टा करता येते, करून घेता येते, असं नातं सगळ्या जमातीत एकच. "मेव्हणी लिवा," तो म्हणाला. "हिची लहान बहीण."

"मले कुठं हाय लहान बहीण?" सोमती आतून म्हणाली.

"आता हाय."

जाता जाता शलाकानं विचारलं, "आजी, तुम्हाला येते का कोंढारी?"

"मले नाही येत, बाई."

शलाकानं वहीत सोमतीच्या नावापुढे शून्य लिहिलं. न्यासाच्या सगळ्या खर्डेघाशीत एवढी मोठी चूक दुसरी नसेल.

कारण सोमतीला कोंढारी सगळी कळे. सहाव्या वर्षी तिला दूरच्या एका आश्रमशाळेत घातलं होतं. तिथं तोंडातून एक कोंढारी शब्द गेला की विहिरीवरून एक घागर पाणी आणायचं. नऊ वर्षांत तिची मान बळकट झाली आणि मराठी पक्की झाली. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं काहीतरी विचारलं, आणि तिनं मोठ्या धीरानं कोंढारीत उत्तर दिलं. सासूनं शेजारच्या बाया गोळा केल्या. "ऐका गं, सून तोंडात खडे घेऊन आली!" बाया हसल्या. मन्साराम सगळ्यात मोठ्यानं हसला. त्या दिवसापासून चव्वेचाळीस वर्षं सोमतीनं कोंढारीचा शब्द जिभेवर घेतला नाही. पण कानाला काही कुलूप नसतं. सासू सव्वीस वर्षं तिच्याच चुलीपुढे बसून तिचीच निंदा करत राहिली, हिला काय कळतंय या भरवशावर. सोमतीनं एक अक्षर वाया जाऊ दिलं नाही. ऐकण्याची बाजू तुडुंब, बोलण्याची कोरी, असा तिचा हिशेब.

आता त्याच चुलीपुढे बसून ती नव्या मेहुणीला ऐकू लागली.

"दाजी, आज मिशीला तेल लावलंत. कुणाच्या अंगणात जायचंय?" पेटी कोंढारीत विचारी. आवाज तरणा, किंचित नाकातला. तीन महिन्यांत तिची जीभ अशी काही सुटली होती, की मन्सारामलाच जपून बसावं लागे.

"तुझ्याच अंगणात."

"माझ्या अंगणात ताईनं कुत्रा बांधलाय."

"कुत्रा मला ओळखतो."

"म्हणूनच भुंकतो."

मन्साराम मांडीवर थाप मारून हसे. आत चिंचोका वाजे.

रोज नवी दाढी होऊ लागली. शेजारच्या चावडीवर जाणं बंद झालं. सोमतीनं भाजीत मीठ दुप्पट घालून पाहिलं. त्यानं ती खाल्ली आणि तोंड पेटीकडेच ठेवलं. पेटीवर भांडं पालथं घालून पाहिलं, ती भांड्यातून म्हणाली, "दाजी, ढग आले का?" तोही चिंचोका सोमतीच्या अंगावर आला.

"ताई काय करतेय?" पेटी एकदा म्हणाली.

"भाकरी."

"तिलाही बोलवा ना गप्पांना."

"तिला कळत नाही आपलं."

"बिचारी," पेटी म्हणाली.

त्या दिवशी भाकरी करपली.

पण थट्टेचं सोमती गिळून टाकत होती. मेहुणीनं थट्टा करायची नाही तर कुणी? खरा काटा पौषात रुतला. मन्सारामच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक व्रण होता. तरुणपणी जंगलात अस्वलाशी झुंज झाली, त्याची ती खूण, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. सोमती चव्वेचाळीस हिवाळे त्या व्रणाला मोहाचं तेल चोळत आली होती. त्या दुपारी पेटीनं विचारलं, "दाजी, अस्वल कुठल्या बाजूनं आलं?" मन्सारामचा मिशीवरचा हात खाली आला. मग हळू आवाजात म्हणाला, "झुंज नाही झाली. मी झाडावर चढलो. माझा जोडीदार खाली राहिला. त्यानं हात वर केला होता. मी दिला नाही. तो संपला. अस्वल निघून गेल्यावर उतरायला गेलो आणि फांदीवरून घसरलो. हा व्रण फांदीचा."

पेटीनं थट्टा केली नाही. "मग?" एवढंच म्हणाली.

"मग काय. मी आईला हाका मारत होतो. दिवसभर."

सोमतीच्या हातात चिंचोका तसाच राहिला. हसण्याचा हिशेब तिच्याकडे होता. रडण्याचा डबा तिनं केला नव्हता. चव्वेचाळीस वर्षं तेल तिचं आणि खरी गोष्ट मेहुणीला! जिला पाठ नाही, हात नाही, चोळायला बोटं नाहीत, तिला!

फेब्रुवारीत मातृभाषा दिन आला. पेटीनं शिकलेली कोंढारी न्यासानं गावच्या शाळेतल्या चाळीस पोरांच्या कानांत दोन महिने घातली होती, आणि आज त्यांचा कार्यक्रम होता. न्यासाचे संचालक डॉक्टर हिवरकर नागपूरहून आले. गोरेपान, पोट भरभक्कम. चारही म्हातारी माणसं पहिल्या रांगेत, खाटेसकट.

सात वर्षांची रोशनी फुलं घेऊन पुढे आली आणि डॉक्टरांकडे मान वर करून, खणखणीत, सुरेल कोंढारीत म्हणाली, "या दाजी, या! पोट आधी पोचलं, तुम्ही मागून आलात. ताईनं एवढं खाऊ घातलं, की आमच्यासाठी दाजी उरलेच नाहीत!"

डॉक्टरांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. शिवराळ म्हातारीनं तोंडावर पदर ओढला. बहिरा काय झालं म्हणून विचारू लागला. आणि साऱ्या मांडवात एकटी सोमती हसली. दाबायला वेळच मिळाला नाही; पाण्याची घागर लवंडावी तसं हसू सांडलं.

शलाका वळली. मन्सारामही वळला. त्याच्या चेहऱ्यावर एक बेरीज सुरू झालेली दिसली. आधी हे पाच-सहा महिने, मग मागे मागे, आईपर्यंत. बेरीज संपेना.

शलाकानं सोमतीला शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. "आजी, तुम्हाला कळलं."

"कयलं."

"मग सांगा ना, काय चुकलं? ही म्हातारी माणसं तोंडं का लपवताहेत?"

"काय सांगू माय. तुमी चाळीस पोरायच्या चाळीस मेव्हण्या करून ठेवल्या. आता हे पोट्टे आज्याले दाजी म्हनतीन अन् मास्तरची मिशी ओढतीन."

शलाकानं वही मिटली. "आम्हाला वाटलं, नातं म्हणजे नुसती हाक मारायची पद्धत."

तोवर डॉक्टर आले. सगळं ऐकून त्यांचा रंग उतरला, पण इलाज तयार होता. एकतीस मार्चला ही बोली गोठवायची होती; म्हणजे त्यानंतर पेटी शिकणार नाही, जे आहे तेच सात शाळांत जाणार. रकान्यातलं नातं पुसावं तर आजवरचं सगळं शिकणं पुसलं जाईल, कारण ते त्या नात्यातच रुजलं होतं. "तेव्हा मन्सारामजींनी नागपूरला यावं. सहा महिने केंद्रात राहावं. आम्ही तज्ज्ञ बसवू, मुदत वाढवून घेऊ, दुसरं नातं हळूहळू शिकवू."

"येतो ना," मन्साराम लगेच म्हणाला. सोमतीच्या नजरेला नजर न देता राहता येईल, अशी जागा त्याला हवीच होती. "पण ती येईन ना संगं?"

डॉक्टरांनी सोमतीकडे पाहून मान हलवली. "हो, हो, यांचीही सोय करू."

"ही नाही," मन्साराम म्हणाला. "पेटी."

दोघं घरी आली. उंबऱ्यात त्यानं विचारलं, "तुले समजत होतं?"

"हो."

"सगळं?"

"तुमच्या मायपासून."

त्यानं चपला काढल्या. "अन् अस्वलाचं?"

सोमतीनं हातातला तांब्या खाली ठेवला. "अस्वलाचंही."

मन्साराम चपला न घालताच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नागपूरच्या कागदांसाठी धारणीला निघाला. एसटीचा धुरळा खाली बसल्यावर सोमतीनं सुपात कुटकीचं बारीक धान्य घेतलं, ओसरीवर पेटीपुढे बसली आणि पाखडायला लागली. खस्स, खस्स. भाषा वाचवायचं पुण्य तिच्या नावावर उगाच मांडू नये. तिला घरातून एक बाई काढायची होती, इतकंच. कशी काढायची, ते तिला जमातीनंच शिकवलं होतं.

"दाजी, हा कसला आवाज?" पेटी म्हणाली.

सोमतीच्या घशात नऊ वर्षांच्या घागरी एकीवर एक चढल्या. "मी दाजी नव्हं," ती कोंढारीत म्हणाली. शब्द खड्यांसारखेच पडले.

पेटी गप्प. ती इतका वेळ कधीच गप्प राहिली नव्हती. आता हसेल, असं सोमतीला वाटलं.

"पुन्हा सांगा," पेटी म्हणाली. "असं बोललेलं मी ऐकलं नाही अजून."

सोमतीनं पुन्हा सांगितलं.

"मग तुम्ही कोण?"

"तुझी ताई."

"ताईला कोंढारी येत नाही. दाजी सांगतात."

"दाजींना घरातलं मीठ कुठं असतं ते ठाऊक नाही."

पेटीनं विचारलं, "कुठं असतं?"

सोमतीला हसू येत होतं. तिनं ते परतवलं. ती गप्पा मारायला आली नव्हती. सूप तिनं पेटीसमोर टेकवलं. "हे सूप आहे. घे."

कोंढारींत धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं की थोरली तिच्या हातात सूप देते. त्या घटकेपासून धाकटी घरची झाली. दाजीशी थट्टा बंद. त्याला पाणी द्यायचं, खाली बघून बोलायचं. मन्सारामनंच ही रीत पेटीला कार्तिकात लग्नाच्या गोष्टी सांगताना रंगवून सांगितली होती. सोमतीनं तेव्हा चार चिंचोके टाकले होते.

कोंबडी सुपाकडे आली, तिला सोमतीनं हाकललं.

"ताई," पेटी हळूच म्हणाली. आवाजातला नाकातला सूर गेला होता. "माझं कुणाशी ठरलं?"

"ठरलं की सांगीन. आधी पाखडायला शीक."

"कसं पाखडायचं?"

आता आली का पंचाईत! सोमतीला एवढंच करून उठायचं होतं. पण भुसा कसा पुढे सरकवायचा, कणी मागे कशी ओढायची, मनगटाच्या त्या दोन झटक्यांना काय काय म्हणतात, हे तिला विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. ते शब्द मन्सारामकडे नव्हतेच. त्यानं जन्मात सूप धरलं नव्हतं. पेटीचा एकेक अंदाज चुकत होता, ती एकेका धक्क्यासरशी विचारत होती, आणि सोमती सांगत होती. अडखळत, शब्द मोडत, मागे येऊन पुन्हा. उन्हं ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तरी कुटकीचं सूप संपलं नव्हतं.

मन्साराम परत आला तो मिशीला हात लावतच. "काय गं, धाकटे! नागपूरच्या पोरींना माझी मिशी आवडेल का?"

"पाणी ठेवलंय, दाजी," पेटी म्हणाली. "मी ताईशी बोलतेय."

मन्सारामनं पेटी उचलून हलवली. खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"ठिवा ते," सोमती मराठीत म्हणाली. "घरची पोरगी हाय. अशी हलवत नाहीत."

आठवड्यानं शलाका आली, तिनं पेटीतलं सगळं तपासलं आणि सोमतीचे दोन्ही हात धरले. नऊ आठवड्यांत जेवढं शिकणं होई तेवढं सात दिवसांत झालं होतं, आणि तेही चुलीचं, पोरांचं, दुखण्याखुपण्याचं, थोरामोठ्यांशी बोलायचं. गोठवायची तारीख पुढे गेली. वहीतलं शून्य शलाकानं सोमतीच्या देखत खोडलं आणि काय लिहावं ते न सुचून जागा मोकळी ठेवली. नागपूरचा बेत आपोआप मोडला. मन्साराम म्हणाला, गुडघे दुखतात.

गुडघ्यांना काही झालं नव्हतं. तो ओसरीच्या कडेला खाट टाकून बसे. वेताची टोपली उगाच उसवी आणि पुन्हा विणी, आणि कान दोघींकडे. चैत्रात सोमतीनं पेटीला आश्रमशाळेची गोष्ट सांगितली. पेटीनं विचारलं, "एका शब्दाला एक घागर, तर शिवी दिली की किती?" सोमती म्हणाली, "शिवीला हौद," आणि अशी हसली, की पदर तोंडात धरावा लागला. खाटेवरचा वेत थांबला. घागरींची गोष्ट त्यानं कधी ऐकली नव्हती. त्यानं विचारलीच कुठं होती!

रोशनी आणि पोरं संध्याकाळी येऊन ओसरीवर बसत, सोमतीला आजी म्हणत, मन्सारामला भीतभीत आजोबा. पेटी सगळ्यांशी बोले. मन्सारामला पाणी विचारी, गुडघा विचारी, आणि गप्प होई.

वैशाखात लोणच्याची बरणी काढायला सोमतीनं फडताळ उघडलं. चिंचोक्यांचा डबा मागे राहून गेला होता. सूप दिलं त्या दिवसापासून तिनं त्याला हात लावला नव्हता. पण झाकणावर धूळ नव्हती.

तिनं डबा ओतला आणि मोजला. दोनशे बारा असायला हवे होते. दोनशे एकतीस होते. पुन्हा मोजले, एकतीसच. ती तिथंच बसली आणि बोटांवर आठवू लागली, पेटीशी बोलताना आपण कधी कधी हसलो. हौदाचं एक. कोंबडीचं एक. रोशनीनं मास्तरांना विहीण केलं ते एक. अशी ती वीसवर आली. डब्यातले जास्तीचे एकोणीस आणि तिचे वीस. एकदा तिला ठसका लागल्यासारखं हसू आलं होतं, ते मन्सारामनं धरलं नसावं.

बाहेर खाटेवर मन्साराम वेत उसवत होता. दाढी दोन दिवसांची, मिशी खाली आलेली.

सोमतीनं पदराची गाठ सोडली. तिथले तीन अजून तसेच होते. त्यातला शंकेचा तिनं उचलला, बाहेर आली, त्याचा हात उलटा करून तळव्यावर ठेवला, आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला कोंढारीत म्हणाली,

"एक मोजायचा राहिला."